काश्का-जारचा तरंगता धक्का

११ एप्रिल

ही वही बुरुलचानं दिली. "तेच तेच मला दिवसातून चारदा ऐकवण्यापेक्षा इथे एकदा लिहा," म्हणाली. छत्तीस वर्षांच्या संसारानंतर बायकोनं नवऱ्याला भेट द्यावी ती अशी. असो. लिहितो.

आज जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयाचं पत्र आलं. आमच्या गावच्या, काश्का-जारच्या शेडमध्ये आठ लहान शिडाच्या होड्या पडून आहेत. मुलांना त्या शिकवणारे प्योत्र अफानास्येविच तीन वर्षांपूर्वी मुलीकडे ओम्स्कला गेले आणि जाताना शेडची किल्ली माझ्या हातात देऊन गेले, कारण माझं गॅरेज शेजारी होतं. आता पत्र म्हणतं की वीस जूनपर्यंत होड्या पाण्यात सोडायची सुरक्षित सोय करून दाखवा, नाही तर होड्या तळ्याच्या उत्तर काठावर पाठवण्यात येतील.

उत्तर काठावर! तिकडे हॉटेलं आहेत, डांबरी रस्ते आहेत, उन्हाळ्यात परदेशी पाहुणे आहेत. राहिल्या होत्या आमच्या आठ होड्या, तर त्याही हव्यात!

जुना लोखंडी धक्का आहे आमचा, पण इतक्या वर्षांत तळं मागे सरकलं आणि धक्का होता तिथेच राहिला. आता तो वाळूत उभा आहे, पाण्यापासून साठ पावलांवर, आणि मेंढ्या त्याला पाठ घासतात.

मी गावाला सांगून टाकलं की हे काम मी घेतलं. एकतीस वर्षं मी गॅरेजप्रमुख होतो, आधी सामूहिक शेतीच्या गॅरेजचा आणि नंतर कुणाच्याच नसलेल्या गॅरेजचा. बुरुलचा म्हणाली, "अंगणाचं फाटक गेल्या शरदापासून भिंतीला टेकून उभं आहे, ते आधी लावा." बायकांना कामाचा आवाका कळत नाही.

सूनबाई चहा ओतत होती. बेगिमाय तिचं नाव. मागच्या शरदात लग्न झालं, महिन्याभरात आमचा अदिलेत कझानला बांधकामावर परत गेला, तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. चांगली आहे. बोलत नाही. आज मात्र तिनं विचारलं, "मामंजी, तळ्याचं पाणी वर्षभरात किती खाली-वर होतं?"

"बाळ, पाणी ते पाणी," मी म्हटलं. "तू साखर आण."

जेवताना मला एकदम सुचलं. पाणी खाली-वर होतं, तर धक्क्यानंही व्हायला हवं! धक्का तरंगता पाहिजे! असं अचानक सुचणं ही माझी जुनी देणगी आहे.

१५ एप्रिल

गेनाला कामावर घेतलं. गेना वेल्डर आहे, बावीस वर्षं माझ्या हाताखाली होता. त्याला ऐकू कमी येतं आणि कुठलाही बेत दाखवला की तो एकच शब्द बोलतो. आज नकाशा दाखवला. बराच वेळ बघून म्हणाला, "बुडणार."

घरातली एक अडचण लिहून ठेवतो. माझं नाव तेमिरबेक. तेमिर म्हणजे लोखंड. आणि सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, नावातला शब्दसुद्धा नाही. त्यामुळे सूनबाई लोखंडाला 'काळं' म्हणते. तवा म्हणजे 'काळा सपाट'. फावडं म्हणजे 'काळं खोदायचं'. घरात आम्हाला सवय झाली आहे, पण गेनाला कुठली असणार? आज चहा देताना ती त्याला म्हणाली, "काका, ते काळं खाली नको, वर घ्या. पाण्यात राहिलं तर खराब होईल."

गेनानं मान डोलावली, आमचं काळं कुत्रं उचललं आणि ओट्यावर नेऊन बसवलं.

शेवटी मलाच ओरडून सांगावं लागलं, "अरे, लोखंडी पट्ट्या वरच्या अंगाला जोड, पाण्यात गंजतील!" असल्या बारीकसारीक गोष्टी माझ्या लक्षात येतात.

२४ एप्रिल

पिंपांवर तरंगायचं ठरलं. मुरंब्याच्या कारखान्यातून पंधरा निळी पिंपं आणली. हवी होती सोळा. सोळावं म्हणून बुरुलचाचं कोबी मुरवायचं पिंप घेतलं. ते शरदापर्यंत रिकामंच असतं. तिला सांगितलं नाही. उगाच तिच्या डोक्याला ताप कशाला?

सूनबाई दोनदा म्हणाली की पिंपं आतून धुवायला हवीत. मी म्हटलं, तळ्यातच तर जायची आहेत, धुतली जातील. दुपारी ऊन चढलं, पिंपांच्या तळाशी राहिलेला जर्दाळूचा मुरंबा वितळला आणि गावातल्या तिन्ही पोळेवाल्यांच्या मधमाश्या आमच्या अंगणात आल्या. जर्दाळूची झाडं फुललेली असताना त्यांना आमचीच पिंपं सापडली. गेनाला चार ठिकाणी चावल्या. एक डोळा पूर्ण मिटला.

"बुडणार," तो म्हणाला.

"काय, मधमाश्या?"

"सगळंच."

सूनबाईनं संध्याकाळपर्यंत पिंपं धुऊन, झाकणं घट्ट लावून, ओळीत उलटी करून ठेवली होती. हौस आहे तिला साफसफाईची.

९ मे

सुट्टीचा दिवस, सगळं गाव काठावर. मुद्दाम आजचा दिवस निवडला होता. लोकांनी बघायला हवं.

लाकडी चौकट, वर फळ्या, आणि खाली सोळाच्या सोळा पिंपं अगदी मधोमध बांधलेली. वजन मधोमध, हा साधा नियम आहे. ट्रकमध्ये बटाटे असेच भरतात. ट्रॅक्टरनं धक्का पाण्यात ढकलला आणि तो तरंगला! टाळ्या पडल्या. मी वर चढलो, दोन शब्द बोललो. मग गेनाला हाक मारली. गेना उजव्या कडेला चढला आणि डावी कडा माझ्यासकट आकाशाकडे निघाली.

पाणी कमरेइतकंच होतं, पण मे महिन्यातलं होतं, बर्फासारखं गार. बाहेर येऊन बघतो तर धक्का उलटा पडलेला, पिंपं आभाळाकडे तोंड करून, आणि पंधरा निळ्यांच्या मधोमध एक पांढरं. काठावरून बुरुलचाचा आवाज आला. एवढ्या गर्दीत तिचा आवाज मला कसा ऐकू येतो, देव जाणे.

"अहो! ते माझं कोबीचं पिंप आहे का?"

१० मे

मनात येतं की क्रीडा कार्यालयाला कळवून टाकावं, घेऊन जा होड्या. बासष्टीला आलो. लोक हसले, ते मी ऐकलं.

दुपारी सूनबाईनं चहा आणला तो विचित्र तऱ्हेनं. एक वाडगा उपडा घातला, त्यावर मोठं ताट ठेवलं आणि ताटाच्या कडेला बोरसोकची थाळी ठेवायला गेली. ताट कलंडलं, तळलेले तुकडे गालिचाभर. मी रागावणार तेवढ्यात तिनं चार वाडगे घेतले, चार कोपऱ्यांत उपडे घातले, वर ताट ठेवलं आणि थाळी हव्या त्या कडेला ठेवली. ताट हललं नाही. मग माझ्याकडे बघत बसली.

"काय बघतेस? चहा ओत," मी म्हटलं.

चहाच्या तिसऱ्या वाडग्याला मला सुचलं. पिंपं कडेला! कोपऱ्यांत! तसाच उठलो आणि गेनाकडे गेलो. गेना म्हणाला, "बुडणार," पण आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता.

१९ मे

पिंपं कडेला लावल्यावर धक्का झकास बसला. अकरा माणसं एका बाजूला उभी केली तरी नुसता मान तुकवल्यासारखा झुकतो. बुरुलचाचं पिंप परत केलं, त्या जागी सोळावं निळं आणलं. ती मला जेवायला वाढू लागली आहे.

आता नांगर. तळाला जड वजन हवं, म्हणून गॅरेजमागे पडलेली जुन्या ट्रकांची चार इंजिनं काढली. सत्तेचाळीस नंबरच्या ट्रकचं इंजिन उचलताना हात थांबला. अदिलेत जन्मला तेव्हा त्याच गाडीतून त्याला घरी आणलं होतं, हिमवादळात, दोनदा बंद पडली होती. गेनानं टोपी काढली. मग चारही इंजिनं चार कोपऱ्यांत तळाला सोडली आणि साखळ्या अशा ताणून बांधल्या की धक्का बोटभरही सरकू नये. गॅरेजात माझ्या हाताखाली काहीच सैल नसायचं.

२१ मे

काल दुपारी पश्चिमेकडून उलान सुटला. आमचा हा वारा आला की माणसं आधी टोपी धरतात, मग दार. लाटा धक्क्याला वर उचलत होत्या आणि साखळ्या त्याला वर जाऊ देत नव्हत्या. तासाभरात एक कोपरा उखडून गेला.

मी गोठ्याशी बसून होतो. समोर सूनबाई गाय बांधत होती. आखूड दोरीनं बांधली, गाईनं दोन हिसके दिले आणि खुंटा उपटला. सूनबाईनं खुंटा परत ठोकला, दोरी चांगली लांब सोडली. गाय चरत हिंडू लागली, खुंटा जागेवर.

"आखूड बांधली की ओढते, मामंजी," ती गाईकडे बघत म्हणाली. "लांब सोडली की राहते."

"हो हो, गाई माहीत आहेत मला," मी म्हटलं.

तिनं घातलेली ती गाठ कसली होती कळेना. संध्याकाळी धार काढायच्या वेळी मला सोडायला दहा मिनिटं लागली. तिनं एका बोटानं सोडली.

गेनाला सांगितलं की साखळ्या पाण्याच्या खोलीच्या तिप्पट लांब करायच्या. कारण विचारलं त्यानं. मी म्हटलं, गाय. तो म्हणाला, "बरं." बावीस वर्षांत पहिल्यांदा.

२८ मे

अदिलेतचा फोन. कझानमध्ये खोली मिळाली आहे, ऑगस्टमध्ये सुट्टीवर येईन आणि बेगिमायला घेऊन जाईन, असं म्हणाला. बातमी सूनबाईला मीच दिली. ती वाडगे धुत होती. "बरं, मामंजी," म्हणाली आणि तोच एक वाडगा धुत राहिली, किती वेळ कुणास ठाऊक. आनंदानं माणसाला सुचेनासं होतं.

हल्ली ती रोज संध्याकाळी शेडशी जाते, होड्यांवरची धूळ पुसते, शिडं उन्हात घालते. नवऱ्याची आठवण येत असणार. मी बुरुलचाला तसं म्हटलं. बॅटरी उतरलेल्या गाडीकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

६ जून

उतार तयार झाला. होड्या चाकांच्या गाड्यावर ठेवून या सिमेंटच्या उतारावरून पाण्यात सोडायच्या. मी तो चांगला तीव्र ठेवला. काम झटपट व्हावं. सूनबाईनं विचारलं होतं की मुलांना होडी परत वर ओढता येईल का. मी म्हटलं, आधी खाली तर जाऊ दे.

गेली. आम्ही हात लावला मात्र, गाडा आमच्या हातून निसटला, गेनाचं जाकीट सोबत घेऊन पाण्यात शिरला, गाडा तळाला गेला आणि होडी मोकळी होऊन तळ्यात चालू लागली. मी ओरडलो, "ट्रॅक्टर आणतो!" आणि पळालो. तळ्यात ट्रॅक्टर काय करणार होतो, हे अर्ध्या वाटेत लक्षात आलं, पण तोवर सुरू केला होता.

वीस मिनिटांनी परत आलो तर होडी धक्क्याला बांधलेली. सूनबाई शेजारी उभी, केसांपासून चपलांपर्यंत चिंब.

"कशी आली?" मी विचारलं.

"वाऱ्यानं आणली, मामंजी."

"आणि तू भिजलीस कशी?"

"धरताना."

गेनाचं तोंड उघडंच होतं. "तेमिरबेक, ही पोरगी तर..." तो सुरू झाला, तेवढ्यात बुरुलचानं त्याच्या पायावर पाय दिला. चुकून असेल.

वारा आज अनुकूल होता, हे नशीबच.

१३ जून

उतार फोडून पुन्हा केला. आता इतका सौम्य की म्हातारी बाईही बोलत बोलत उतरेल. खालचं टोक पाण्याखाली बरंच आत नेलं, नाही तर चाकं गाळात रुततात. त्यावर बटाटे चाळण्याच्या यंत्राचा जुना रबरी पट्टा अंथरला. पाय घसरत नाही आणि होडीला ओरखडा येत नाही. हा पट्टा शेडच्या दाराशी कुणीतरी गुंडाळून ठेवला होता. नेमका लागेल तेवढा, कापून. गावात कुणाला काय सुचेल सांगता येत नाही.

आता धक्का, त्यावर जायची बिजागरीची फळी आणि उतार, तिन्ही तयार. मी एकटाच संध्याकाळी त्यावर जाऊन उभा राहिलो. खाली पाणी श्वास घेतल्यासारखं वर-खाली होत होतं आणि मीही त्याच्याबरोबर. हे मी केलं.

२० जून

आजचं आजच लिहितो.

क्रीडा कार्यालयाचे इशेनबाएव साहेब अकरा वाजता आले. बारीक अंगाचे, गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ. गाव जमलं होतं. त्यांनी धक्क्यावर उड्या मारून बघितल्या. साखळ्या ओढून बघितल्या. उतारावर चालून बघितलं. "कुणाची रचना?" विचारलं. मी छातीवर हात ठेवला. "उत्तम," म्हणाले. मग घड्याळ काढून म्हणाले, "आता एक होडी पाण्यात सोडा, फिरवून आणा आणि परत वर घ्या."

सव्वादोन महिने मी धक्का बांधत होतो, उतार बांधत होतो, आणि होडी चालवणार कोण, हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. प्योत्र अफानास्येविच ओम्स्कला. मुलं तीन वर्षं विसरलेली. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती.

"मी," मी म्हटलं.

तळ्याकाठी बासष्ट वर्षं काढली, होडीत कधी बसलो नव्हतो. पण वाहन ते वाहन. लाइफ जॅकेट पोटावर बसेना, गेनानं दोरीनं बांधलं. "मामंजी, जाऊ नका," सूनबाई हळूच म्हणाली. मी ऐकलं नाही. बसलो. शिडाची दोरी मुठीला दोनदा गुंडाळून घेतली, म्हणजे सुटणार नाही.

पहिली दोन मिनिटं छान गेली. मी काठाला हातही केला. मग उलान आला. आधी पाणी दूरवर काळं झालं, मग तो काळेपणा माझ्याकडे धावत आला. होडी एका अंगावर उभी राहिली. मी दोरी आणखी घट्ट धरली. जितकी घट्ट धरू तितकी होडी आडवी. पाणी कडेवरून आत. शिडाच्या खालची आडवी काठी माझ्या डोक्यावरून गेली आणि टोपी घेऊन गेली.

काठावरून सगळे ओरडत होते, शब्द एक कळत नव्हता. सूनबाई धक्क्याच्या टोकाला आली होती. "मामंजी, दोरी सोडा! दोरी!" आवाज येत होता, पण मला वाटलं, सोडली तर उरलं काय हातात?

आणि मग ती ओरडली. तिच्यात एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं.

"तेमिरबेक! सोड ती दोरी!"

बायकोनं कधी मला नावानं हाक मारली नाही. आईनंसुद्धा मी गॅरेजप्रमुख झाल्यावर सोडून दिली होती. मला असा झटका बसला की हात आपोआप उघडला. दोरी सुर्रकन निघून गेली, शीड फडफडायला लागलं आणि होडी झोपेतून उठल्यासारखी सरळ झाली.

मी वर बघितलं तेव्हा उतारावरून दुसरी होडी पाण्यात शिरत होती. सूनबाई गाड्याबरोबर धावत आली, पाण्यात पाऊल पडताच आत बसली, डोक्याचा रुमाल दातांत धरून शीड ओढलं आणि त्या वाऱ्यात माझ्याकडे आली ती जणू अंगणातून विहिरीवर यावी तशी. माझ्या होडीला गाठ मारली. एका हातानं. तीच ती गाईची गाठ.

वाटेत फक्त एकदा ती म्हणाली, "डोकं खाली." मी खाली केलं.

चाळीस माणसांसमोर सुनेनं सासऱ्याला नावानं हाक मारली, तीही एकेरीत. इशेनबाएव साहेबांना यातलं काही कळलं नाही, ते शहरातले. घड्याळ बघत म्हणाले, "बचावाची होडी पन्नास सेकंदांत पाण्यात! असं प्रात्यक्षिक मी जिल्ह्यात कुठे पाहिलं नाही. आणि बुडणाऱ्या माणसाचं काम आपण फार खरं केलंत."

मी म्हटलं, "प्रयत्न केला."

काम पसंत झालं. होड्या आमच्याकडेच. अट एकच, एक जुलैच्या आत शिकवणारा माणूस नेमा.

सूनबाई घरी आल्यापासून स्वयंपाकघरातून बाहेर आलेली नाही. मीही आत गेलेलो नाही. मला राग आला आहे की नाही, तेच ठरत नाही.

२१ जून

सकाळी ती आली, खाली बघत वाकली. "मामंजी, चूक झाली. माफ करा."

बुरुलचा दारातूनच म्हणाली, "माफी कसली? तिनं नाव घेतलं नसतं तर आज सगळं गाव तुमचं नाव घेत इथे रडत बसलं असतं."

मी विचारलं, "कुठे शिकलीस?"

"बालिकचीला. बाबा बंदरात बचावाच्या बोटीवर होते. मी नऊ वर्षं शिडाच्या होड्या चालवल्या. दोनदा देशाच्या संघात होते."

मला तिचे वडील बंदरात कारकून आहेत असं वाटायचं. का वाटायचं, माहीत नाही. कधी विचारलं नव्हतं.

"आणि हे धक्के, उतार, साखळ्या?"

"दर वसंतात आम्हीच बांधायचो."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलत होते, मामंजी."

ती गेल्यावर ही वही पहिल्या पानापासून वाचली. अकरा एप्रिल. पंधरा एप्रिल. चोवीस. दहा मे. एकवीस मे. सहा जूनपाशी आलो आणि वाचवेना. बुरुलचाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"गावाला माहीत होतं. फक्त तुमचं मन मोडायचं नव्हतं."

"गेनालाही?"

"गेनाला तर ऐकू न येता कळलं."

दिवसभर मी अंगणाचं फाटक लावत होतो. लागलं.

२९ जून

शिकवणारा म्हणून गावानं बेगिमायचं नाव सुचवायचं ठरवलं. मी हो म्हणणार होतो, मग आठवलं की एका माणसाला अजून कुणी विचारलेलंच नाही. तिला समोर बसवलं. चहा मी ओतला. सांडला.

"सूनबाई, अदिलेत ऑगस्टमध्ये न्यायला येतोय. इथे हे काम आहे. तू सांग, तुला काय हवंय?"

ती खाली बघत सांडलेला चहा पुसू लागली. मला वाटलं, रडते की काय.

"चाळीस मीटर दोरी," ती म्हणाली. "सहा नव्या कप्प्या. दोन शिडं फाटली आहेत, त्यांना कापड. लहान मापाची बारा लाइफ जॅकेटं. आणि उतार अजून चार हात आत न्यायला हवा, शरदात पाणी उतरेल."

मी लिहून घेतलं.

संध्याकाळी अदिलेतचा फोन आला. मी तो तिच्या हातात दिला आणि म्हटलं, मोकळेपणानं बोल, मी बाहेर जातो. बाहेर खिडकीखाली उभा राहिलो. "मला इथे काम लागलंय," ती सांगत होती. "नाही, मामंजींनी अडवलेलं नाही... नाही, मी येत नाही. तू ये." मग बराच वेळ पलीकडून आवाज. मग ती म्हणाली, "रागावलास तरी ये."

फोन माझ्याकडे आला तेव्हा पोरगा तापला होता. "बाबा, ती तिकडे राहणार म्हणते! तुम्ही काही बोलत कसे नाही?"

"बोलून झालं माझं," मी म्हटलं. "आता तूही ऐकायला शीक."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, कळलं नाही. फोन ठेवल्यावर काळजी लागली. मुलाचा संसार मोडला तर गावात तोंड कसं दाखवू? बुरुलचालाही विचारायचा धीर झाला नाही.

९ ऑगस्ट

अदिलेत काल आला. दोघं जेवताना एकमेकांकडे न बघता मीठ देत-घेत होते. आज सकाळी तिचा वर्ग बघायला म्हणून तो काठावर उभा राहिला, हात बांधून. तेरा मुलं, आठ होड्या. वर्ग संपल्यावर ती त्याला म्हणाली, "बस."

"मी? कशाला?"

"तिथून ओरडून बोलण्यापेक्षा इथे बोल."

दोघं गेले ते इतके दूर की शीड नखाएवढं दिसू लागलं. मी धक्क्यावर येरझाऱ्या घालत होतो. बुरुलचा बिजागरीच्या फळीवर बसून लोकर विंचरत होती. "ट्रॅक्टर आणू का?" मी विचारलं. ती म्हणाली, "बसा."

दोन तासांनी परतले. अदिलेत ओलाचिंब, ओठ निळे, पण हसत होता. तिच्या नवऱ्यासारखा दिसत होता, एवढंच मला समजलं. कझानचं काम डिसेंबरपर्यंत आहे, तेवढं संपवून इकडेच येतो, म्हणाला. बुरुलचानं लोकर खाली ठेवली आणि डोक्याच्या रुमालाला डोळे पुसले.

मग त्यानं पायाखालचा धक्का दाबून बघितला. फळ्या, कोपरे, साखळ्या. "बाबा, हे भारी झालंय. कुणी बांधलं?"

या प्रश्नाचं उत्तर मी एप्रिलपासून तयार ठेवलं होतं. उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचा, तेसुद्धा.

"तुझ्या बायकोनं," मी म्हटलं. "माणसं मी जमवली."

सूनबाई होडी पुसत होती. मान वर केली नाही, पण फडकं थांबलं.

१२ ऑगस्ट

उतार आत न्यायचं काम सुरू. अदिलेत सिमेंट कालवतोय. बेगिमाय दोनदा म्हणाली की पाणी जास्त होतंय, तडा जाईल. तो म्हणाला, "अगं, कझानमध्ये चार वर्षं हेच करतोय. तू जा, चहा आण."

गेनानं माझ्याकडे बघितलं. मी गेनाकडे.

मी उठलो, पोराजवळ गेलो आणि त्याच्या हातातली बादली काढून घेतली. "ऐक तिचं," म्हटलं. "दोन महिने वाचतील."